बेबीताई उपासनेला बसल्या

मलकापूरच्या त्या चर्चमध्ये कुणाचं काही अडलं की एकच उत्तर मिळायचं, बेबीताईले विचारा. चटया कुठं आहेत, प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे पेले कोण धुणार, नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांची घोंगडी कोणाच्या पेटीत पडली आहेत, कोणाची सून बाळंत झाली आणि तिच्या घरी प्रार्थनेला कधी जायचं, सगळ्याला बेबीताईले विचारा. बेबीताईंना ते ठाऊकही असायचं. नसलं तर संध्याकाळपर्यंत त्या ठाऊक करून घ्यायच्या.

चर्च तसं लहानच. स्टेशनच्या मागच्या अंगाला, कापसाच्या एका जुन्या गोदामाला लागून. मुंबईकडची किंवा नागपूरकडची गाडी निघाली की पास्टर बोलता बोलता थांबत, शेवटचा डबा जाईपर्यंत वाट पाहत, आणि तुटलेलं वाक्य पुन्हा जोडून घेत. मंडळीत काही घरं रेल्वेतली, काही दवाखान्यात नोकरी करणारी, काही आसपासच्या खेड्यांतून येणारी शेतकरी माणसं. कापूस वेचणीला आला की निम्मे बाक रिकामे.

बेबीताईंचे यजमान अर्जुनराव रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे, आता निवृत्त. एकुलती एक मुलगी, योगिनी, लग्न होऊन नाशिकला गेलेली. त्यामुळं घरात दोन माणसं आणि बेबीताईंचा सारा जीव चर्चमध्ये. रविवारी दोन गीतं झाली की त्या पोरांना घेऊन बाहेर व्हरांड्यात जायच्या. आत प्रवचन चालायचं, बाहेर त्यांची रविवारची शाळा. ही शाळा त्यांना अन्नपूर्णाबाईंनी दिली होती. अन्नपूर्णाबाई म्हणजे जुन्या काळातल्या बायबलबाई, घरोघर फिरून बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणाऱ्या. एका रविवारी पोरं जमली तेव्हा त्यांनी नव्यानं सून होऊन आलेल्या बेबीताईंकडं पाहिलं, "आता तू" म्हणाल्या, आणि स्वतः आत जाऊन बसल्या. अन्नपूर्णाबाई जाऊनही आता बराच काळ झाला. तेव्हाच्या पोरांची पोरं आता व्हरांड्यात बसायची. बेबीताई अजून तिथंच होत्या.

त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते भगिनी मंडळाच्या एका बैठकीत.

त्या दिवशी पास्टर कुलदीप आले होते. तरुण माणूस, मलकापूरखेरीज तीन खेड्यांतल्या मंडळ्या त्यांच्याच अंगावर, सदा गाडीवर. ते म्हणाले की आज अभ्यास नको, आज प्रत्येकीनं अलीकडं प्रभूनं आपल्याला काय शिकवलं ते सांगायचं. एकेक बाई बोलत गेली. बेबीताईंची पाळी आली तशी त्या सवयीनं उभ्या राहिल्या आणि योगिनी लहान असताना तिला आलेल्या तापाची गोष्ट सांगू लागल्या. डॉक्टरांनी हात टेकले, बाहेर धो धो पाऊस, अर्जुनराव ड्यूटीवर, आणि आपण एकटीनं गुडघ्यावर बसून केलेली प्रार्थना. सांगता सांगता त्यांचं लक्ष शेजारी गेलं. शेजारी म्हातारी रुक्मिणीबाई बसली होती. तिचे ओठ हलत होते. बेबीताई पुढं जे वाक्य बोलणार होत्या तेच ती मनातल्या मनात म्हणत होती, शब्दाला शब्द. "आन् सकाळी पोरीनं डोळे उघडले तं म्हने, आई, भूक लागली."

रुक्मिणीबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. पाठ झालेलं गीत माणूस गुणगुणतो तशी ती म्हणत होती. पण बेबीताईंची जीभ जड झाली. कसंबसं आवरतं घेऊन त्या खाली बसल्या. योगिनीला आता स्वतःची दोन लेकरं होती. त्या तापानंतर प्रभूनं आपल्याला काय शिकवलं? त्यांनी आठवून पाहिलं. काही सापडेना. शेवटचं प्रवचन आपण पूर्ण कधी ऐकलं हेही आठवेना.

घरी आल्यावर त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्याच आठवड्यात त्या पास्टरांना गाठून म्हणाल्या की मला रविवारच्या शाळेतून मोकळं करा, मला आत बसायचं आहे. पास्टरांना वाटलं त्यांची तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत आहे म्हटल्यावर ते गोंधळले. म्हणाले, बघू, नाताळ होऊन जाऊ द्या. नाताळ झाला. मग म्हणाले, ईस्टर होऊ द्या. ईस्टर झाला. बेबीताईंनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "ताई, दुसरं आहे कोण? तुमच्यासारखं कोणाला जमणार?"

हे कौतुक बेबीताईंना पूर्वी गोड लागायचं. आता त्याचा संताप येऊ लागला. त्यांनी मंडळीतल्या बायकांना एकेकीला विचारलं. एकीचे गुडघे दुखत होते, एकीच्या नवऱ्याला चालत नव्हतं, एक म्हणाली की मला शास्त्रातलं काय कळतं. आणि शेवटी सगळ्यांचं तेच, तुम्ही आहात ना.

जूनमधल्या एका रविवारी दोन गीतं झाली. पोरं सवयीनं उठून व्हरांड्यात गेली. बेबीताई उठल्या नाहीत.

मागच्या बाकावर अर्जुनराव एकटे बसायचे. पुरुष एकीकडं आणि बायका एकीकडं ही रीत या चर्चमधून केव्हाच गेली होती. बेबीताई जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या आणि समोर पाहू लागल्या. अर्जुनरावांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, थोडे सरकले.

बाहेर आधी कुजबुज झाली. मग कुणीतरी कुणाला ढकललं. मग चटईवरून घसरण्याचा खेळ सुरू झाला. आतली डोकी एकेक करून मागं वळली, आधी दाराकडं, मग बेबीताईंकडं. बेबीताईंनी मान हलवली नाही. एक पोरगं रडत आत आलं आणि थेट त्यांच्यापाशी येऊन उभं राहिलं. त्यांनी त्याला त्याच्या आईकडं पाठवलं. पास्टर बोलत होते, पण त्यांचंही लक्ष बाहेर होतं. जवळजवळ तासभर बेबीताई ताठ बसून राहिल्या आणि प्रवचनातला एक शब्द त्यांच्या कानात शिरला नाही. इतक्या वर्षांनी आत बसायला मिळालं, आणि मिळालं ते हे.

पण एवढ्यानं काम झालं. उपासना संपताना पास्टरांनी विचारलं की मुलांसाठी कोणी पुढं येईल का. बराच वेळ कुणी हललं नाही. मग एक हात वर झाला. रुक्मिणीबाईची सून काजल.

काजल पिंपळगाव राजा या गावाकडची. माहेरची माणसं भाजीपाला पिकवणारी, चर्च कधी न पाहिलेली. लग्न होऊन आली, सासूबरोबर चर्चला येऊ लागली, आणि तीन वर्षांपूर्वी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. बडबडी, मोठ्यानं हसणारी. बेबीताईंना ती आवडत नव्हती असं नाही, पण हिच्या हातात पोरं द्यायची म्हणजे, असं त्यांना वाटलं. तरी त्या गप्प राहिल्या. मोकळं व्हायचं होतं ना, झालो मोकळे.

पुढच्या रविवारपासून त्या आत बसू लागल्या आणि त्यांच्या जिवाला नवाच घोर लागला. मागच्या बाकाशेजारी खिडकी होती. खिडकीतून व्हरांड्यातलं सगळं ऐकू यायचं. काजल पोरांना रांगेत बसवत नव्हती. आधी गीत, मग पाठांतर, मग गोष्ट हा क्रम तिनं पहिल्याच दिवशी मोडला. एकदा तर अर्धा वेळ पोरं नुसती टाळ्या वाजवत होती. बेबीताईंचा एक कान पास्टरांकडं आणि दुसरा खिडकीकडं. अर्जुनरावांना मात्र प्रवचन सुरू झालं की डुलकी लागायची. बेबीताई कोपरानं ढोसायच्या. ते डोळे उघडायचे, परत मिटायचे.

चौथ्या रविवारी काजल हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होती, शंभरातलं एक हरवतं आणि धनी बाकीची रानात सोडून त्याला शोधत जातो ती. मेंढरू नव्हे, बकरी. तिच्या माहेरी बकऱ्या होत्या, त्यामुळं तिनं सरळ बकरीच केली. बकरी कशी वांड होती, बाभळीच्या काट्यात कशी अडकली, धनी तिला हाका मारत नाल्या-नाल्यानं कसा फिरला, त्याच्या टाचेत काटा कसा मोडला, हे सगळं ती रंगून सांगत होती. मग म्हणाली, "आता तुम्ही साऱ्यायनं बकरी व्हा आन् धन्याले आवाज द्या." दहा-बारा पोरं एकदम बें बें करून ओरडली. आत पास्टर गाडी आल्यासारखे थांबले. दोघं-तिघं हसले. अर्जुनराव दचकून जागे झाले.

बेबीताई उठल्या. बाकांमधून चालत बाहेर गेल्या आणि पोरांच्या देखत म्हणाल्या, "शास्त्रात बकरी नाही, मेंढरू आहे. आन् बाभळीचं, काट्याचं कुठंच लिहेल नाही. देवाच्या घरात पोरायले खोटं शिकवू नको."

काजलनं खाली ठेवलेली गोष्टीची चित्रं गोळा करून बेबीताईंच्या हातात दिली, चपला घातल्या आणि फाटकातून निघून गेली. बेबीताईंनी उरलेला वर्ग घेतला. पोरांना रांगेत बसवलं, गोष्ट जशी आहे तशी सांगितली, पाठांतर घेतलं. तेवढा वेळ त्यांना खरंच बरं वाटलं, घरची चूल आपल्या हाती परत आल्यासारखं.

पुढच्या रविवारी काजल आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रुक्मिणीबाई यायची, पण दुसऱ्या टोकाला बसायची आणि उपासना संपली की कुणाशी न बोलता निघायची. बेबीताई पुन्हा व्हरांड्यात गेल्या, कारण जायला दुसरं कुणी नव्हतं. पास्टरांनी त्यांना तिथं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो पाहून बेबीताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं जिथल्या तिथं येऊन बसलं होतं. वर्षभर मागं लागून काय मिळवलं, तर एक पोरगी चर्चपासून तुटली.

घरी त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. एका दुपारी गवारीच्या शेंगा मोडता मोडता त्या बोलत होत्या. आजकालच्या पोरींना चार शब्द सहन होत नाहीत. आम्ही काय कमी ऐकून घेतलं. सांगितलं ते तिच्या भल्यासाठीच ना. शास्त्र म्हणजे काय तमाशा आहे.

अर्जुनराव खाटेवर पडले होते. फार बोलणारा माणूस नव्हे. बायको चर्चच्या कामानं घराबाहेर असायची तेव्हा चहा करून पिणारा, ती आल्यावर तिला करून देणारा. ते छताकडं पाहत म्हणाले, "अन्नपूर्णाबाईनं तुले कितींदा टोकलं होतं?"

"मले? कधीच नाही."

"आन् तू कधी चुकलीच नाही?"

बेबीताईंनी शेंग मोडायची थांबवली.

मग अर्जुनरावांनी सांगितलं. बेबीताईंनी शाळा हाती घेतली त्याच महिन्यातली गोष्ट. जलप्रलयातल्या तारवाची कथा सांगताना त्यांनी ती समुद्र दुभंगल्याच्या कथेत मिसळून टाकली होती. तारू कोरड्या समुद्रातून चालत पलीकडं गेलं, असं काहीतरी त्यांनी पोरांना अगदी ठासून सांगितलं. खिडकीतून आत सगळं ऐकू येत होतं. अन्नपूर्णाबाई मागच्याच बाकावर बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

"मी म्हटलं, बाई, जाऊन सांगा ना तिले. तं म्हने, सांगन ना. पन आज नाही, आन् पोरायसमोर नाही."

बेबीताईंना आठवलं. त्यानंतर कधीतरी, एका दुपारी दोघी तूर निवडायला बसल्या असताना, अन्नपूर्णाबाईंनी त्या दोन्ही गोष्टी एकामागून एक, सावकाश, नीट सांगितल्या होत्या. बेबीताईंना तेव्हा वाटलं होतं की म्हातारीला बोलायची हौस आली आहे. आपल्याला दुरुस्त केलं जात आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. आज कळलं, आणि राग आला तो अर्जुनरावांचा.

"एवढे दिवस बोलले काऊन नाही?"

"तू बसलीच कधी माह्याजवळ तिथं?" अर्जुनराव म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

बेबीताईंनी दोन दिवस स्वतःशी भांडून काढले. प्रार्थनेला बसल्या की काजलची तक्रार सुरू व्हायची. मग आपलीच तक्रार आपल्याला ऐकू यायची आणि त्या उठून भांडी घासायला लागायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावर पदर घेऊन त्या निघाल्या. वाटेत काय बोलायचं ते सगळं जुळवलं. माफी आधी मागायची, समजूत नंतर घालायची.

काजलच्या घरी रुक्मिणीबाई दारातच लसूण सोलत बसली होती. या म्हणाली, बसा म्हणाली, यंदा पाण्यानं कसा दगा दिला ते सांगू लागली. काजलनं पाणी आणून दिलं, चहा टाकला, पण तोंडातून शब्द काढला नाही. चहा आला. आता बोलायला हवं होतं. बेबीताईंनी तोंड उघडलं आणि जे जुळवलं होतं ते सगळं बाजूला राहून भलतंच निघालं.

"पन बकरी म्हनाले नोको होतं."

काजलनं त्यांच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, आवाजही चढला नाही. ती म्हणाली, "बेबीताई, मी बाप्तिस्मा घेतला तवा तुमच्याकडं आलती. म्हटलं, मले काही येत नाही, मले शिकवा, मी तुमच्यासंग पोरायजवळ बसतो. तुम्ही मले चटया झटकाले लावल्या. मी वर्षभर झटकल्या. मग तुम्ही म्हने, आता पेले धुवाले ये. धुतले, तं तुम्ही ते परत धुतले. माह्यासमोर."

रुक्मिणीबाईचे लसूण सोलणारे हात थांबले होते.

"तुम्ही साऱ्यायले सांगता का कोनी हात लावत नाही," काजल म्हणाली. "तुम्ही लावू तं द्या."

बेबीताईंना पेल्यांचं आठवत नव्हतं. पण ते खोटं नव्हतं हे त्यांना लगेच कळलं, कारण आजही कुणी पेले धुतले असते तर त्यांनी ते परत धुतलेच असते. त्यांना म्हणायचं होतं की चुकलं माझं. ते काही केल्या ओठांवर येईना. साठीला आलेल्या बाईला एवढे दोन शब्द जड जावेत याचीच त्यांना चीड आली. शेवटी, अशा वेळी चर्चमधली माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. प्रार्थना करू, म्हणाल्या.

तिघींनी डोळे मिटले. बेबीताईंची प्रार्थना मंडळीत नावाजलेली. कोणाच्याही घरी, कोणत्याही प्रसंगी, शब्द पाण्यासारखे वाहायचे. त्यांनी सुरुवात केली. हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या चरणांशी आम्ही नम्र होऊन. इथवर आल्या आणि थांबल्या. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, त्याच्या पुढचंही होतं, पण एकाचाही उच्चार करवेना. शब्द तेच होते, कालचे, परवाचे, योगिनीच्या तापाच्या वेळचे. बाहेर कुणाचातरी ट्रॅक्टर गेला. रुक्मिणीबाई खोकली.

मग काजलचा आवाज आला. "देवा, आम्ही दोघी बी भांडून राह्यलो. मले लय राग आला व्हता, आनखी आहे. यायले बी आहे. आता तूच पाह्य. आम्हाले अक्कल दे. आमेन."

"आमेन," रुक्मिणीबाई म्हणाली.

बेबीताईंनी डोळे उघडले. "माहं चुकलं," त्या चहाच्या कपाकडं बघत म्हणाल्या, इतक्या हळू की काजलला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. काजलनं कप उचलला आणि म्हणाली, "आनखी घ्या, उरला आहे."

काजल लगेच काही परतली नाही. मध्ये आणखी दोन रविवार गेले. मग आली ती एक अट घेऊन आली, आणि ती अट तिनं पास्टरांसमोरच सांगितली. मी वर्ग घेत असताना बेबीताईंनी व्हरांड्यात यायचं नाही. काही चुकलं तर घरी येऊन सांगावं. पास्टरांनी घाबरून बेबीताईंकडं पाहिलं. बेबीताईंनी मान हलवली. मान हलवताना त्यांना किती कष्ट पडले ते एकट्या अर्जुनरावांना दिसलं असेल.

आता हे सगळं असं झाल्यावर बेबीताईंना आत बसून शांती मिळाली असेल असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. दहा पोरं सांभाळण्यापेक्षा बाकावर बसणं अवघड आहे हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं. हाताला काम नव्हतं. पेल्यांचं काम त्यांनी मुद्दाम दुसऱ्या दोघींना दिलं होतं, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी हातात आलेला पेला त्यांना चिकट लागला. त्या गप्प बसल्या. खिडकीतून काजलचे नवे पराक्रम ऐकू यायचे. त्या गप्प बसल्या. आणि ज्या प्रवचनासाठी एवढा आटापिटा केला, ते प्रवचन लांबत जायचं, एकाच गोष्टीभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरायचं. एका रविवारी न राहवून त्यांनी पास्टरांना ते तोंडावर सांगितलं. म्हणाल्या की मी मन लावून ऐकते, पण घरी जाईपर्यंत हातात काही उरत नाही.

पास्टर कुलदीप रागावले नाहीत. म्हणाले की शनिवारी खेड्यातून परत यायलाच उशीर होतो, मग जे सुचेल ते लिहितो. हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की बेबीताईंना पुढं बोलता येईना. एवढी वर्षं त्यांनी या माणसाला डबा दिला होता, त्याच्या पोराला ताप आला तर औषध दिलं होतं, पण तो कधी अभ्यासाला बसतो की नाही हे विचारलं नव्हतं.

बुधवारच्या वाचनाची सुरुवात काजलनं केली. एका बुधवारी दुपारी ती शास्त्र काखेत मारून बेबीताईंच्या घरी आली आणि म्हणाली की येत्या रविवारची गोष्ट मला आधी वाचून समजावून द्या, म्हणजे नंतर ओरडायला नको. बेबीताईंना हे टोमणा म्हणून लागलं. तरी त्या बसल्या. पुढच्या बुधवारी परत बसल्या. काजलचं वाचन अडखळत चालायचं, पण ती मध्येच थांबून असले प्रश्न काढायची की बेबीताईंचं डोकं उठायचं. हे असं काऊन केलं? त्याच्या बायकोनं काय म्हटलं? मग ते लोक जेवले काय? बेबीताई म्हणायच्या की ते महत्त्वाचं नाही. काजल म्हणायची, मग महत्त्वाचं काय आहे? आणि ते सांगताना बेबीताई अडकायच्या.

एका बुधवारी काजल परत त्या मेंढराकडं वळली. म्हणाली, तेव्हाच विचारायचं होतं, पण तुम्ही मधात आल्या.

"तो एक मेंढरू शोधाले गेला. मग बाकीचे? त्यायले रानात तसेच टाकून गेला ना तो. माह्या बापानं असं केलं असतं तं मायनं घरात घेतलं नसतं. तेवढ्यात लांडगा आला म्हंजे?"

बेबीताईंनी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल याला गणती नव्हती. हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. त्यांनी एक उत्तर दिलं, ते काजलनं पाडलं. दुसरं दिलं, ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही. मग त्या एकदम चिडल्या, आणि आपण कशावर चिडलो आहोत हे त्यांना बोलता बोलताच उमगलं.

"मी त्या बाकीच्यायतलीच आहे," त्या म्हणाल्या. "मी कुठंच गेली नाही. जिथं ठेवलं तिथं राह्यली. म्हनून मले कोनी शोधाले आलंच नाही. साऱ्यायनं समजलं, ते आहे ना तिथं."

काजल बघत राहिली. बेबीताई असं काही बोलतील असं तिला वाटलं नसावं. ती काही शहाणपणाचं बोलली नाही. म्हणाली, "मले नाही माहीत, ताई. पास्टरले विचारा."

बेबीताईंनी दुसऱ्याच दिवशी पास्टरांना गाठलं. ते गाडीला किक मारून खेड्यावर निघाले होते. बेबीताईंनी रस्त्यातच प्रश्न विचारला, मेंढरांचा, आणि जरा थांबून आपलाही. पास्टरांनी गाडी बंद केली. हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. मग म्हणाले, "ताई, कॉलेजात शिकवलेलं एक उत्तर आहे माझ्याकडं. पण ते तुम्हाला पुरायचं नाही. मलाच पुरत नाही." आणि विचारलं की बुधवारी मी आलो तर चालेल का.

"या," बेबीताई म्हणाल्या. "पन प्रवचन करू नका."

ते आले. अर्जुनरावांनी चहा केला. पास्टर, काजल, बेबीताई आणि सुनेबरोबर आलेली रुक्मिणीबाई, असे चौघं मिळून तीच चार-सहा वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत बसले. पास्टर म्हणाले की तीन खेड्यांच्या धावपळीत कधी कधी मलाही वाटतं, मागं राहिलेल्यांत मी आहे. काजल म्हणाली की धन्यानं कळपाजवळ कुत्रा ठेवला असेल, पण ते लिहिलेलं नाही. रुक्मिणीबाई म्हणाली की बाकीच्यांनी एकमेकांना धरून राहायला पाहिजे होतं, आणि पेंगू लागली. उत्तर म्हणावं असं काही हाती लागलं नाही. पास्टरांना फोन आला आणि त्यांना उठावं लागलं.

सगळे गेल्यावर बेबीताईंनी कपबश्या उचलल्या. त्या वैतागलेल्या होत्या. एवढा वेळ गेला आणि गाडी तिथंच. अर्जुनरावांनी विचारलं की मग काय ठरलं.

"काय ठरते," बेबीताई म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी परत बसाचं आहे. तुम्ही बी बसा, नुसता चहा नका करू. आन् झोपू नका."